पोस्ट सोडताना

आबांना पलटणीतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली हे आई बोटांवर मोजून सांगायची. आबांच्या लेखी मात्र ते अजून ड्युटीवरच होते. सौदीत हुफूफ शहरात आमचं घर एका टायरच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर हवेचा कॉम्प्रेसर धडधडायचा, खिडकीतला एसी त्याच्यावर ताण करायचा, आणि या दोघांच्याही वर आवाज चढवून आबा सकाळी फर्मान सोडायचे, "पाय दाखवा." बर्फातल्या चौकीवर जवानांचे पाय रोज तपासावे लागतात, बोटं काळी पडायला लागली तर वेळीच कळलेलं बरं. तिथे ते ठीक होतं. इथे बाहेर अंगाची लाही होत असताना मी आणि आई कॉटच्या कडेला पाय सोडून बसायचो आणि हा माणूस गुडघ्यांवर बसून आमची बोटं एकेक करून दाबून बघायचा. आई म्हणायची, "बर्फ न्हाई हितं, वाळू हाय. टाचंला भेगा पडल्यात त्या बगा, आन् व्हॅसलीन आणा." आबा व्हॅसलीन आणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय दाखवा म्हणायचे.

पलटणीचं नाव मी इथे लिहीत नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या पोरांची, उभं आयुष्य डोंगरी सरहद्दीवर काढलेली एक पायदळ पलटण, एवढं वाचकाला पुरे. आबा तिच्यातून नायब सुभेदार होऊन बाहेर पडले आणि गावात त्यांचं मन काही रमलं नाही. कोणाच्या तरी ओळखीने अबकैकजवळ एका ठेकेदार कंपनीच्या पाइपांच्या यार्डावर सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागले आणि पुढे आम्हा दोघींना बोलावून घेतलं. मी हिंदी आणि इंग्रजी दोन्ही मोडकंतोडकं बोलत तिथल्या इंडियन स्कूलमध्ये दाखल झाले. आईला अरबी चार शब्द यायचे, ते चारही ती भाजीवाल्याशी भांडताना वापरायची. ज्वारीचं पीठ रियाधला बत्ह्याच्या बाजारात मिळायचं. आबा दोन-तीन महिन्यांनी बसने जाऊन आणायचे आणि रेशनसारखं थप्पी लावून ठेवायचे, जुनं पुढे, नवं मागे. आईने कधी मागची पिशवी आधी फोडली तर त्यांचा चेहरा एखादी चौकी हातची गेल्यासारखा व्हायचा.

पलटणीचा इतिहास मला शाळेतल्या इतिहासाच्या आधी पाठ झाला. पण आबांचा इतिहास अजब होता. लढाया ते एका वाक्यात उरकायचे. "लढाई झाली, आपण जिंकलो, फुडं." आणि मग तासभर सांगायचे ते भलतंच: बर्फ कधी न पाहिलेली गावाकडची पोरं पहिल्या हिवाळ्यात वर गेली तेव्हा त्यांनी सुती बंड्यांच्या आत वर्तमानपत्रं कशी भरली, दुधाचे गोठलेले डबे कुऱ्हाडीने कसे फोडले, खेचरं कोणत्या वळणावर अडून बसायची आणि त्यांची नावं काय होती, कोणत्या चौकीवर कोण उभा होता आणि त्याच्या जागी कोण आला. त्यांच्या दृष्टीने पलटणीचा इतिहास म्हणजे हाच, एकाने दुसऱ्याच्या हाती पोस्ट दिल्याची साखळी. आज वाटतं, त्यांचंच बरोबर असावं. जिंकलेल्या लढाया कुणीही लिहून ठेवतं.

या साखळीतली एक कडी तुटली होती, आणि ती तुटली तेव्हा आबा तिथे होते. ते नुकते भरती झालेले शिपाई होते. उंचावरच्या एका चौकीवर त्यांची तुकडी हिवाळाभर बसली होती. बदलीची तुकडी वर आली, पण हवा बिघडत चालली होती आणि खाली उतरायची घाई होती. चौकीच्या हवालदाराने नव्या हवालदाराला सगळं दाखवलं: दारूगोळा, रॉकेल, वायरलेस, शत्रूचं ठाणं. एक सांगायचं राहिलं. पाण्यासाठी बर्फ आणायची नाल्याखालची सरळ वाट पहिल्या बर्फानंतर सोडून द्यायची असते, वरचा उतार घसरतो. जुन्या तुकडीला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. आबा खाली बेसवर पोचून गरम पुऱ्या खात बसले होते, तेव्हा वरून वायरलेस आला. नव्या तुकडीतली पोरं त्या वाटेने गेली होती आणि वरचा उतार त्यांच्यावर खाली आला होता. एकही परत आला नाही.

त्या दिवसापासून पलटणीत रिवाज पडला. पोस्ट सोडणाऱ्याने सगळं सांगायचं, आणि घेणाऱ्याने ते सगळं चालून, बोट दाखवून उलट ऐकवायचं. त्याने "पोस्ट मेरी, साब" म्हटल्याशिवाय जुन्याने पाऊल हलवायचं नाही, मग वरून आभाळ कोसळत असलं तरी. पलटणीच्या स्थापना दिवशी बडा खाना असतो, अफसर स्वतःच्या हाताने जवानांना वाढतात. आमच्या घरी जवान म्हणजे मी आणि आई. आबा दरवर्षी त्या दिवशी मटण शिजवायचे, आम्हाला वाढायचे, आणि जेवण झाल्यावर ही हकिकत सांगायचे. दरवर्षी पुऱ्यांपाशी आले की थांबायचे, पाणी प्यायचे. पुरी आमच्या घरात कधीच झाली नाही.

मी दहावीत गेले त्या वर्षी सौदायझेशनचा शब्द घराघरात शिरला. आधी तो मोठ्यांच्या बोलण्यात होता, मग शाळेच्या बसमध्ये आला. आज एक मुलगी यायची नाही, उद्या दुसरी. वर्गातल्या रिकाम्या बाकांकडे बघायचं नाही असं आम्ही न ठरवताच ठरवलं होतं. कुणाच्या वडिलांच्या जागी सौदी माणूस आला की काही दिवसांत इकामा, म्हणजे राहायचा परवाना रद्द, पासपोर्टवर फायनल एक्झिट, आणि बायकापोरांसकट सामान बांधून विमान. माझं बोर्डाचं नाव तिथल्या सेंटरवर नोंदलेलं होतं, पेपर मार्चमध्ये. त्याआधी आबांची नोकरी गेली तर माझं वर्ष गेलं, आणि आमच्या गावात वर्ष गेलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या दोन्ही चुलत बहिणींची लग्नं अशीच, एकेका नापास झालेल्या वर्षात उरकली होती.

ऑक्टोबर लागला आणि आबांच्या यार्डावर फहद आला. हुफूफचाच, विशी ओलांडलेला, शांत मुलगा. मॅनेजर लेबनानी होता, त्याने आबांना सांगितलं, "याला तयार करा. तयार झाला की कळवा. जास्तीत जास्त सहा महिने." त्याचा अर्थ सरळ होता. फहद तयार झाला की आबांचं काम संपलं.

आमच्या शेजारी रझिया चाची राहायच्या, रत्नागिरीकडच्या. त्यांच्या नवऱ्याच्या दुकानातही असाच एक सौदी मुलगा शिकायला ठेवला होता. चाची भाजी निवडता निवडता आईला समजावायच्या, "भाबी, आमचे हे त्याला आठ दिवस नुसते बिलबुक फाडायला शिकवतायत. पुढचे आठ दिवस शिक्का मारायला. सगळे असंच करतात. तुम्ही सांगा ना भाऊजींना, मार्चपर्यंत ढकलायचं, बस्स." सगळे तसंच करत होते, हे खरं होतं. त्यात लपवण्यासारखंही काही उरलं नव्हतं. आईने आबांना सांगितलं. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "बरं." आईला वाटलं, पटलं.

पटलं वगैरे काही नव्हतं. आबा त्या मुलाला पहिल्या दिवसापासून यार्डभर चालवत होते. तेलाच्या त्या मुलुखात एक विषारी वायू असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि जास्त झाला की नाक मरतं, वासच येत नाही. म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असं कधी समजायचं नाही. काठीवरच्या कापडी पिशवीवरून वारा बघायचा आणि वाऱ्याला आडवं पळायचं. पूर्वेच्या फाटकाचं कुलूप दुपारी तापून अडकतं, म्हणून सकाळीच उघडून ठेवायचं. वाळूचं वादळ आलं की मागच्या शेडची घंटा उगाच वाजते, पण ती उगाच वाजली असं समजायची मुभा कुणालाही नाही. हे सगळं मला माहीत आहे, कारण आबा घरी येऊन उजळणी करायचे, काही सांगायचं राहिलं का ते आठवत. "शुफ, फहद, ये देखो," ते जेवता जेवता पुटपुटायचे, आणि आईच्या हातातला डाव थांबायचा.

असा महिना-सव्वा महिना गेला. एक दिवस आबा घरी आले ते खुशीत. "पोरगं तयार झालं," ते म्हणाले. "आज त्यानं समदं यार्ड उलटं ऐकवलं. एक चूक न्हाई. शनवारी सायबाला सांगतो."

आई तवा खाली ठेवून उठली. "तुमी शुद्धीवर हाय का?" ती म्हणाली. "मार्चला पोरीचा पेपर हाय. त्यो सायब सहा म्हैने म्हणतोय आन् तुमी सव्वा म्हैन्यात सांगायला चाललाय?"

"तयार झालाय त्यो."

"मग होऊ द्या की! सांगू नका. गप बसायला काय पैसं पडत्यात?"

"त्यो विचारतोय मला, तयार हाय का. न्हाई म्हणू?"

"म्हणा!" आई ओरडली. खालचा कॉम्प्रेसर नेमका त्याच वेळी बंद पडला, आणि तिचा आवाज साऱ्या घरात भरून राहिला. मी पुस्तकात डोकं घातलं होतं आणि एक अक्षर दिसत नव्हतं. मला आबांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर आजही तो राग चुकीचा होता असं मला वाटत नाही. मेलेल्या जवानांसाठी हा माणूस जिवंत मुलीचं वर्ष घालवायला निघाला होता.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, पलटणीचा स्थापना दिवस होता. आबांनी फहदला जेवायला बोलावलं. आईने आदल्या संध्याकाळपासून त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, पण पाहुण्यासाठी लसूण सोलून दिला. फहद दुपारच्या नमाजानंतर आला, खजुरांचा डबा घेऊन, आणि बैठकीत पाय दुमडून अवघडून बसला. आबा पातेलं घेऊन त्याला वाढायला वाकले, तसा तो ताडकन उठला. "ला, ला, उस्ताद!" वडिलांच्या वयाच्या माणसाने आपल्याला वाढावं हे त्याला सहन होईना. "बैठो," आबा म्हणाले. "आज मेरा पलटन का दिन. आज बडा आदमी सर्व्हिस करेगा, छोटा आदमी खाएगा. फाहिम? समझा?" फहद बसला, पण पहिला घास त्याने आबांना वाढून झाल्याशिवाय घेतला नाही. तांबड्या रश्श्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने न बोलता दह्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

जेवणानंतर आबांनी हकिकत सांगितली. हिंदी, अरबी, इंग्रजी, हातवारे, सगळं घेऊन. बर्फ म्हणजे काय हे सांगायला त्यांनी फ्रीजरचं दार उघडून दाखवलं. फहद हसला नाही. उतार कोसळल्याचं आबांनी दोन्ही हातांनी दाखवलं तेव्हा त्याने ओठांवर हात ठेवला. मग त्याने रिवाज दोनदा विचारून घेतला. नवीन माणूस बोलला नाही, तर जुना जाऊ शकत नाही? "नहीं जा सकता," आबा म्हणाले. "नया बोलेगा, पोस्ट मेरी. तब पुराना जाएगा. पुराना बोलने से नहीं होता." आणि मग अभिमानाने, "कल मैं साब को बोलेगा, तुम रेडी."

फहदने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर गणिताचं पुस्तक होतं. पाहुण्यासमोरही आईने ते बाजूला ठेवू दिलं नव्हतं. "इम्तिहान?" त्याने विचारलं. आबा उत्तर देतील म्हणून मी थांबले. आबांच्या आधी आई बोलली, आतापर्यंत तिने त्या मुलासमोर तोंड उघडलं नव्हतं. "मार्च में," ती म्हणाली. "ये कल बोलेगा तो हम सब इंडिया जाएगा. फिर इम्तिहान नहीं. लडकी का साल खलास."

"गप," आबा म्हणाले. पण बोलून झालं होतं. फहद उठला, आईला शुक्रन म्हणाला आणि गेला. आबा त्या दिवशी आईवर इतके भडकले की सांगायची सोय नाही. घरातली अडचण पोस्ट घेणाऱ्याच्या खांद्यावर टाकायची, याहून लाजिरवाणी गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

शनिवारी शाळेत मी काय शिकले ते विचारू नका. घरी आले तर आई गॅसपाशी उभी होती आणि गॅस पेटवलेला नव्हता. आम्ही दोघी जिन्यावरच्या पावलांची वाट बघत बसलो. अस्रची, दिवस कलतानाची बांग होऊन गेली. आबा आले, दारात बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले. त्या एरवी एका झटक्यात सुटायच्या.

"सांगितलंत?" आईने विचारलं.

"सांगितलं."

आईने भिंतीला पाठ टेकली. आबा नाड्यांकडेच बघत बोलत राहिले. त्यांनी मॅनेजरला सांगितलं, मुलगा तयार आहे. मॅनेजर खूश झाला, त्याने फहदला आत बोलावलं आणि विचारलं, चार्ज घेतोस? फहद म्हणाला, नाही. मला अजून निम्मंसुद्धा येत नाही. वाल्व कुठे आहेत मला माहीत नाही. मी घेतलं असं म्हणणार नाही.

"मग?"

"मग सायब माझ्यावर उखडला. म्हणाला, तुम्ही सगळे एका माळेचे. खुर्ची टिकवायला काम लपवता. पोराला काही शिकवत न्हाईस आन् मला येऊन तयार हाय म्हणून सांगतोस, म्हंजे दोष पोरावर जाईल आन् खुर्ची तुझ्याकडंच राहील."

"आवं, पर त्याला तर समदं येतंय!"

"समदं येतंय," आबा म्हणाले. "मी नुसतं म्हनलो असतो, फहद, ऐकव, तर त्यानं डोळं मिटून ऐकवलं असतं. माझ्यासमोर त्याला खोटं बोलता आलं नसतं."

"मग तुमी काय म्हनलासा?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजे?"

"काय न्हाई म्हंजे काय न्हाई," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "अभ्यासाला बस."

आई मागे वळून चटकन गॅस पेटवू लागली. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे हे मला कळलं नाही, तिलाही कळलं नसावं. तिने शिरा केला. आबांनी तो खाल्ला नाही.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात सगळ्यात वाईट गेले, खरं तर सुटकेचे असायला हवे होते. आबा रोज यार्डावर जात आणि ज्याला सगळं येत होतं त्याला शिकवण्याचं सोंग करत. फहदला सोंग मुळीच जमत नव्हतं. एकदा मॅनेजर फिरायला आला तेव्हा त्याने उजवीकडचा वाल्व विचारल्यावर मुद्दाम डावीकडे बोट दाखवलं, आणि आबांना लोकांसमोर त्याची चूक सुधारावी लागली. घरी येऊन ते बराच वेळ हात धूत राहिले. मॅनेजर येताजाता टोमणे मारायचा, बाकीचे सुपरवायझर पाठ थोपटायचे, "वा उस्ताद, अच्छा खींचा!" त्या कौतुकाने आबा जास्त खचले. मला रोज भीती वाटायची, की आज ते सांगून टाकतील. संध्याकाळी ते दार उघडायचे तेव्हा मी आधी त्यांचा चेहरा बघायचे आणि मग पुस्तकात मान घालायचे. माझ्या दहावीच्या अभ्यासाची आठवण म्हणून विषय आठवत नाहीत, तो चेहराच आठवतो. अशाने नीट अभ्यास कसा झाला हे मला आजही कळत नाही, पण झाला. नापास होणं परवडणारं नव्हतं.

शेवटचा पेपर गणिताचा होता. आबा सेंटरच्या फाटकाशी गाडी घेऊन उभे होते. "सोपा होता का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सोपा गेला. त्यांनी मान हलवली. आम्ही शहराबाहेरच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना खजुरांच्या बागा होत्या, पाटाचं पाणी सोडलेलं होतं. मी खिडकीची काच खाली केली. मार्चची हवा अजून सोसण्यासारखी होती. किती महिन्यांनी मला पोटभर श्वास घेता येत होता, आणि मी मूर्खासारखी हसत होते.

"उद्या सांगतो सायबाला," आबा म्हणाले. "पोरगं तयार झालं म्हणून."

मी म्हटलं, "आबा, आता झालं ना सगळं."

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. मग माझे आबा, ज्यांनी गावी आजोबांना अग्नी देतानासुद्धा डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, ते रडायला लागले. मोठ्याने, तोंड न झाकता. मी पॅड मांडीवर धरून बसले होते. त्यांना हात लावावा की नाही ते मला कळेना. पाटाचं पाणी गाडीशेजारून वाहत होतं.

"सायब मला चोर म्हनला असता तरी चाललं असतं गं," ते म्हणाले. "शिकवत न्हाई म्हनला."